मागच्या कप्प्यातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्माने बिस्किटांचा, नशिबाने जर्मन शब्दांचा. झाकणावरचे फूल कधीच पुसले गेले, पण पोटातले तीन कप्पे अजून शाबूत आहेत. ते माझ्या मालकिणीने पुठ्ठा कापून केले. ती इस्पितळात नर्स. न येणारा शब्द पुढच्या कप्प्यात, अडखळत येणारा मधल्यात आणि पक्का झालेला मागच्यात, असा तिचा शिरस्ता.

परदेशातल्या नोकरीसाठी तिला जर्मनची परीक्षा द्यायची होती. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती, म्हणजे संधी ही एकच. तोंडी परीक्षेचा विषय आधीच कळला होता: स्वयंसेवा आणि समाजाची एकजूट. दुपारच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत बसून ती चिठ्ठ्या लिही. 'एरेनआम्ट' म्हणजे बिनपगारी सेवा. 'त्सुझामेनहाल्ट' म्हणजे एकजूट. पण नुसता अर्थ तिच्या डोक्यात टिकत नसे, म्हणून चिठ्ठीच्या पाठीवर ती आपला एखादा अनुभव जर्मनमध्ये उतरवी. दर रविवारी ती वृद्धाश्रमात जाई. तिथे दृष्टी गेलेल्या एका पोस्टमनकाकांना ती त्यांच्या मुलाचे तेच ते जुने पत्र वाचून दाखवी, आणि काका दर वेळी ते आजच आल्यासारखे ऐकत. हे सगळे माझ्या पोटात होते. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

तिच्याच वॉर्डातली एक धाकटी नर्सही परीक्षेला बसणार होती. मालकिणीने तिला उच्चार शिकवले, स्वतःच्या घासातला घास दिला. परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, डबा दोन दिवस द्या ना. नुसते शब्द बघते."

मालकिणीने मला हसत हसत दिले. दुसऱ्याच दिवशी धाकटीने रजा टाकली आणि फोन उचलेनाशी झाली. मी तिच्या टेबलावर होतो. शब्द राहिले बाजूला, ती चिठ्ठ्यांच्या पाठी घोकत होती!

तोंडी परीक्षा दोघादोघांची एकत्र होई, आणि नेमकी या दोघींचीच जोडी आली. पिशव्या भिंतीशी ठेवल्या होत्या, त्यातल्या धाकटीच्या पिशवीत मी. धाकटी आधी बोलली. पोस्टमनकाका, ते पत्र, सगळे तिने आपले म्हणून घडाघडा सांगितले. मग मालकिणीची पाळी आली. तिच्याजवळ दुसरे होतेच काय? तिनेही तेच सांगायला घेतले, आणि परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना वाटले, नक्कल हीच करते आहे. 'ते माझे आहे' एवढेसुद्धा तिला त्या घडीला जर्मनमध्ये सुचेना. मदतीचे दीडशे शब्द तिने पाठ केले होते, दगाबाजीचा एकही नाही.

मालकीण नापास झाली, धाकटी पास होऊन परदेशी गेली. जाताना मला गुपचूप चादरींच्या खोलीत ठेवून गेली, ताईंसमोर उभी राहिली नाही. केसाने गळा कापला म्हणतात ना, त्यातला केस मी झालो. हे मला आजही सलते.

मालकीण अजून दर रविवारी पत्र वाचायला जाते. मला मात्र तिने एकदाच उघडले. मागच्या कप्प्यातून 'त्सुझामेनहाल्ट' काढले, बराच वेळ हातात धरले आणि पुढच्या, न येणाऱ्या शब्दांच्या कप्प्यात ठेवले.

मित्रांनो, कुणी विश्वासाने हाती दिलेली वस्तू परत कराच, पण तिच्यातले त्याचे जगणे आपले म्हणून खपवू नका. ती चिठ्ठी अजून पुढच्याच कप्प्यात आहे.