ओल्या चादरी

“मावशी, तुम्ही इथल्याच आया ना? माझी चादर तेवढी बदला हो. सकाळपासून ओल्यात पडलेय.”

शेजारच्या खाटेवरची बाळंतीण अगदी काकुळतीला आली होती. पण आया आज कामावर नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या साऱ्या आया फाटकाशी संपावर बसल्या होत्या, तीही त्यांच्यातलीच. पोटची लेक अडली म्हणून ती तेवढी आई म्हणून आत आली होती, तेही थोरल्या जावेला विचारून. थोरली याच वॉर्डातली आया आणि संपाची पुढारी.

“जा, लेकीजवळ बस,” थोरली म्हणाली होती. “पण कामाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे! आपल्यातली एखादी फुटायची वाटच बघतंय सरकार.”

आयाने देवाचं नाव घेतलं, नजर फिरवली. पण हात कुठले ऐकतात? बाईला कुशीवर वळवून तिने ओली चादर काढली, कोरडी सरकवली. मग पलीकडची खाट. मग त्याच्या पलीकडची.

“शाब्बास!” मागे मोठे साहेब उभे होते.

“मी कामावर नाही, साहेब. लेकीसाठी आलेय.”

“मग हे काय?”

तिच्या काखेत चादरींचा गठ्ठा होता.

घटकाभरात पोलिसांच्या गाडीवरचा कर्णा फाटकाशी ओरडू लागला. आया कामावर परतल्या आहेत, संप बेकायदा आहे, संध्याकाळपर्यंत येतील त्यांचीच नोकरी राहील. तिचं नावही घेतलं. धावत जाऊन खोटं आहे म्हणून सांगायला हवं होतं. लेकीने हात घट्ट धरला होता. सोडवता आला असता.

एकेक करून बायका खाली माना घालून आत आल्या. थोरली आली नाही.

दिवस कलल्यावर आया बाहेर गेली. फाटकाशी थोरली एकटीच सतरंजी झटकत होती.

“जाऊबाई, मुलगी झाली.”

“सुखरूप आहेत दोघी?”

“हो. जाऊबाई, मी... बाया ओल्यात पडल्या होत्या हो.”

“माहितेय. म्हणून तर तुला बजावलं होतं.”

दोघींनी मिळून आजवर किती घड्या घातल्या होत्या. सवयीने आयाने सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. थोरलीने ते हलकेच काढून घेतलं, सतरंजी हनुवटीखाली दाबून धरली आणि एकटीनेच घडी घालू लागली.