दोन हजार नऊ सालात अडकलेला डबा

रविवारी रौनोमामाची गाडी शहरात परतणार होती आणि वाटेत त्याचा जुना संगणक भंगारात द्यायचा होता. हेता मात्र त्यावर जीव टाकून होती.

"चालवून दाखव, तर तुझा," मामाने अट घातली होती. "तेही तू म्हणतेस तसं, स्वतः बांधलेल्या लिनक्स प्रणालीवर. आयतं टाकलेलं चालणार नाही."

म्हणून तळ्याकाठच्या घरात ती शाळेची सुट्टी विसरून बसली होती. मूळ कोड घ्यायचा, त्यातून एकेक भाग बांधायचा, मग पुढचा. शुक्रवारी संध्याकाळी सॉनातल्या वाफेच्या अंघोळीची वेळ होईपर्यंत काम झकास चाललं. घरात कुणी नसताना यंत्र चालू ठेवायचं नाही, हा मामाचा नियम. तिने संगणक बंद केला आणि अंगणापलीकडच्या सॉनात गेली.

परत येऊन सुरू केला, तर गडी गोल गोल फिरायला लागला. बांधलेलं पुन्हा बांधायचा, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. हेताने सगळं पुसून नव्याने मांडलं, तरी तेच.

शनिवारी दुपारी ती रडवेली झाली. "डब्याला वेड लागलंय, मामा!"

मामा शेजारी खुर्ची ओढून बसला. संगणकातलं त्याला फारसं कळत नसे, पण त्याला घाई कधीच नसे. "काय म्हणतोय तो?"

"काही नाही. चूक झाली असंही म्हणत नाही. नुसत्या सूचना येतात, त्या मी वाचतच नाही."

"शाब्बास! मग वर सरकव आणि वाच."

हेताने वाचलं. 'या फाइलीची वेळ भविष्यातली आहे.' अशा ढीगभर ओळी.

"पुन्हा बांधायचं की नाही, हे तो ठरवतो कसं?" मामाने विचारलं.

"तारखा बघून. समज, तू पाव भाजलास आणि नंतर पाककृती बदलली, तर पाव पुन्हा भाजायचा. पाव पाककृतीनंतरचा असेल, तर राहू दे."

"आणि घड्याळच मागे गेलं तर?"

हेताने तारीख विचारली. संगणकाने खुशाल सांगितलं, एक जानेवारी दोन हजार नऊ.

"मी जन्मलेसुद्धा नव्हते!" ती ओरडली. "आजचा पावही त्याला पाककृतीपेक्षा जुना वाटणारच!" तिने वेळ लावली, खोळंबलेलं काम सुरळीत झालं आणि संध्याकाळी संगणक बंद करून ती गाणं म्हणत सॉनाला गेली.

पण तहान लागली म्हणून सरबत प्यायला ती मध्येच घरात आली. पाहते तर कॉफीयंत्राचा प्लग बाहेर, टोस्टरचा बाहेर आणि संगणकाचाही!

"मामाऽऽ! प्लग तू काढलास?"

"मग? घर सोडताना सगळे प्लग काढायचे, परतल्यावर पुन्हा लावायचे. कालही मीच काढले आणि लावले. तुझ्या आजोबांपासूनची रीत आहे." टॉवेल गुंडाळलेला मामा दारात उभा राहिला. "का गं?"

"वीज नसताना घड्याळ चालवणारा गोल सेल आत असतो, तो मेलाय! प्लग निघाला की हा दोन हजार नऊ सालात!"

मामाने डोकं खाजवलं. "म्हणजे वेड लावणारा मीच?"

"तूच!"

"सेल आणायचा कुठून? दुकान तळ्यापलीकडे, आणि आता बंद."

हेताची नजर खुंटीवरच्या मासे तोलायच्या डिजिटल काट्यावर गेली. मामाचीही तिच्यामागून गेली.

"नाही हं. उद्या पहाटे मी मासेमारीला जातोय."

"मामा, प्लग कुणी काढला?"

मामाने काट्याचं झाकण उघडलं आणि आतला तसाच गोल सेल तिच्या हातावर ठेवला.

रविवारी सकाळी काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. संगणक नाव विचारत होता. हेताने आपलं नाव टाकलं आणि तो आज्ञा घ्यायला हजर झाला.

तेवढ्यात मामा होडीतून उतरला. हातात भलामोठा पाइक मासा.

"सात किलो!"

"तोलून दाखव."

"काटा बंद आहे, माहितेय ना!"

"मग तीन असेल."

"हेता, सात आहे गं! खरंच सात!"

तिने हसत आता आपल्या झालेल्या संगणकावर पहिली फाइल उघडली आणि लिहिलं, 'पाइक, मामाच्या म्हणण्याप्रमाणे सात किलो.' फाइलीवरची तारीख तेवढी अगदी बरोबर होती.