एक्क्याऐंशी टक्के

मी एक जुना काचेचा तंतू आहे, आणि शेवटी लेसरचा एक्क्याऐंशी टक्के प्रकाश माझ्यात शिरला. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काहीही घडलेलं नाही. गोष्ट आता सुरू होते आहे आणि माझं काय होणार याची आपल्याला फार काळजी वाटते आहे.

माझी जाडी केसाएवढी. विजेच्या ठिणगीत माझं टोक वितळवून त्याचं गोल भिंग केलं गेलं. ते इतकं लहान आहे की त्यावर धुळीचा कण बसला तरी मला घराचं छप्पर कोसळल्यासारखं वाटतं. माझं काम एकच. लेसरपासून केसाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अंतरावर मान न हलवता उभं राहायचं आणि येईल तो प्रकाश पुढे पोचवायचा.

आम्ही चार भावंडं एका डबीतून कारखान्यात आलो. आम्हाला बसवायचं काम ताईकडे होतं. ती आधी खोके चिकटवायची. या टेबलावर येऊन तिला महिनाच झाला होता. डोळे तपासायच्या एका यंत्रासाठी निदान सत्तर टक्के प्रकाश आमच्यात जायला हवा होता. थोरल्याला तिने स्क्रू फिरवत फिरवत लेसरसमोर आणलं. प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर ब्याऐंशी टक्के. मग गोंदाचा थेंब लावला आणि निळ्या दिव्याखाली वाळवला. मीटरवर अठ्ठेचाळीस.

दुसरा पन्नास. तिसरा सत्तेचाळीस. एकदा चिकटलेला तंतू सुटत नाही. तिघेही आपापल्या लेसरसकट टाकाऊ मालाच्या डब्यात गेले.

"एकच उरलाय," मामा म्हणाले. ते त्या खोलीचे प्रमुख. सगळ्यांचे मामा, सख्खे कुणाचेच नाहीत. "हाही गेला तर तू परत खोक्यांवर. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात चहा आहे मामा. तो टेबलापासून लांब धरा."

ताईने मला हात लावला नाही. तिने टाकाऊ डबा उघडला आणि माझ्या भावांना एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तिघेही खालच्याच बाजूला सरकले होते, आणि सारखेच: केसाच्या शंभराव्या हिश्शाने. वाळताना गोंद आकसत होता आणि जाताजाता त्यांना सोबत नेत होता. तिने आकडा वहीत लिहिला.

मग माझी पाळी. तिने मला त्र्याऐंशीवर आणलं आणि तिथून मुद्दाम वहीतल्या आकड्याएवढंच वर उचललं. मीटर एक्कावन्नवर आला. तिने गोंद घेतला.

"अगं, एक्कावन्नवर गोंद? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. पण तंतू आत्ता ठिकाणावर नकोय, मामा. याला चुकीचाच बसवायचाय."

मला अपमान वाटला. आयुष्यात एकदाच लेसरसमोर उभं राहायचं, आणि तेही वाकडं. निळा दिवा लागला. अठ्ठावन्न. सहासष्ट. एकोणसत्तरवर आकडा अडून बसला. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. मीही रोखला असता, पण मला फुप्फुसं नाहीत. बहात्तर. अठ्ठ्याहत्तर. एक्क्याऐंशी. (तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल.)

"नशीब," मामा म्हणाले.

"वही दाखवू?"

मामांनी वही पाहिली, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "कितीने वर उचलायचा ते भिंतीवर लिही. मोठ्या अक्षरात. आणि खोक्यांसाठी मी दुसरं कुणीतरी बघतो."

पुढे नऊ वर्षं मी त्या यंत्रात काम केलं. लोकांनी यंत्राच्या रंगाची तारीफ केली. आता नवं यंत्र आलंय आणि मी फडताळात आहे. तरी परवा कुणीतरी मोजलं, तर एकोणऐंशी. दोन टक्के वयाचे.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी सापडला तर त्याचं मोकळं टोक शर्टाने पुसू नका, टोपी घाला. आणि एखादी गोष्ट तीनदा बिघडली तर चौथ्यांदा हात घालण्याआधी कचऱ्याचा डबा नीट पाहा.

सबब विनंती करण्यात येते की, माझ्या तिन्ही भावांचा सहानुभूतीपूर्वक विचार करून समस्त गोंदांनी यापुढे वाळताना आकसू नये, व आजवर का आकसलो याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत, दोन प्रतींत, फडताळ क्रमांक चारकडे सादर करावा.