दोन वसाहतींमधला दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे, मित्रांनो. दक्षिणेतल्या पेरुंगुडी उपनगरातल्या एका वसाहतीत, जनरेटरच्या खोलीमागे, मी भिंतीला टेकून पडलो आहे.

पूर्वी इथे शेजारीशेजारी दोन वसाहती होत्या. मध्ये भिंत, आणि भिंतीत मी. सायकल घेऊन एक माणूस जाईल एवढाच मी रुंद. दोन्हीकडच्या कमिट्या वेगळ्या. पूर्वेकडे बागेत चेंडू खेळायला बंदी झाली, की मुलं माझ्यातून पलीकडे पळत. पश्चिमेकडे पाण्याची बोंब झाली, की तिथले भाडेकरू पूर्वेकडे रिकामं घर विचारायला येत. चार पावलांवर दुसरं घर आहे, हे ठाऊक असल्यामुळे दोन्ही कमिट्या जरा जपूनच वागत.

पूर्वेकडे तुळसीबाई भाड्याने राहत. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी घरकामाच्या बायकांची मुलं शिकायला बसत. जिने झाडणाऱ्या कृष्णवेणीची दहा वर्षांची शरण्या त्यांत सर्वांत हुशार. एक दिवस पूर्वेकडच्या कमिटीने नोटीस लावली : बाहेरच्या मुलांना आत प्रवेश नाही.

तुळसीबाई भांडल्या नाहीत. त्यांनी पश्चिमेकडे तळमजल्यावर घर घेतलं. सामान माझ्यातूनच गेलं. शरण्याने फळा उचलला होता.

"मिस, इथूनही हाकलतील का?"

"इथली कमिटी वेगळी गे. भिऊ नक्को."

बाईंच्या मागोमाग पूर्वेकडची आणखी तीन कुटुंबं गेली. दोन महिन्यांनी पूर्वेकडचे सेक्रेटरी स्वतः आले.

"नोटीस काढून टाकली, बाई. परत या."

बाई हसल्या. त्यानंतर त्या आठवड्यातून दोन दिवस पूर्वेकडेही शिकवू लागल्या. ते माझे खरे सुखाचे दिवस. माझ्या बिजागऱ्यांना तेव्हा कुणी ना कुणी आठवणीने तेल घाली.

मग दोन वर्षांपूर्वी दोन्ही वसाहतींची बैठक माझ्या शेजारच्या हिरवळीवर भरली. सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करणारा पुण्याचा अनिकेत बोलायला उभा राहिला. मुलगा चांगला होता, सगळ्यांच्या मदतीला धावायचा.

"एकच कमिटी, एकच सिक्युरिटी, एकच नियमावली. ही भिंत कशाला हवी?"

तुळसीबाई म्हणाल्या, "भिंत पाडा रे, पण कमिट्या दोन राहू देत. एकीने नाही म्हटलं, तर माणसाने जायचं कुठे?"

"आजी, आपण नियम चांगलेच करू ना!"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. टाळ्या वाजल्या. दोन्ही कमिट्यांची एक झाली, भिंत पडली आणि मला उचलून इथे आणून टाकलं.

वर्षभर सगळं छान चाललं. मग दोन सायकली चोरीला गेल्या आणि जुनी नोटीस पुन्हा लागली, या वेळी सगळ्या इमारतींत. बाई अनिकेतला भेटल्या. तो मान खाली घालून म्हणाला, "मला पटत नाही, आजी. पण बहुमत झालंय. माझ्या हातात काही नाही."

बाईंनी रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर वर्ग घेऊन पाहिला. त्या गोंगाटात त्यांचा आवाज पोचेना. आठव्या दिवशी त्यांना भोवळ आली, आणि त्यांचा मुलगा त्यांना तंजावरला घेऊन गेला. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून मी हे सगळं ऐकत होतो. पण मित्रांनो, भिंतीतून काढलेला दरवाजा काय करणार?

काल कृष्णवेणी झाडू घ्यायला इथे आली. वॉचमन वेंकटने विचारलं, "शरण्या काय करते गं आता?"

"सोळा पूर्ण झाली. उद्यापासून माझ्याबरोबर जिने झाडायला येणार आहे." तिने झाडू उचलला. "काम करणाऱ्यांना पास मिळतो. आत सोडतात."

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, कमिटीवर बसाल, नियम कराल. ते चांगल्या मनानेच कराल. तरीही ज्याला तुमचा नियम सोसणार नाही, त्याच्यासाठी जवळच दुसरी एक जागा राहू द्या. तिथे तुमचं चालणार नाही, आणि ते तुम्हाला आवडणारही नाही. तरी राहू द्या.