पत्राचा उरलेला भाग

"आणि याचा पुढचा भाग कुठं आहे?"

नेत्रा शिडीवरून खाली वाकली. "कसला पुढचा भाग, काकू?"

"या पत्राचा." प्रतिमानं भिंतीवरच्या पत्राकडे बोट केलं. "हे पत्र इथं संपत नाही."

आल्डर्टन मोटर्सच्या मुख्य कचेरीतल्या लॉबीची डावी भिंत त्या आठवड्यात कंपनीच्या इतिहासाला दिली होती. शनिवारी शताब्दीचा सोहळा होता आणि देशभरातून डीलर यायचे होते. भिंतीच्या एका टोकाला घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे दोन आल्डर्टन बंधू मिशांना पीळ देऊन उभे होते. मग पहिली मोटार, मग युद्धातल्या रुग्णवाहिका, मग ओहायोत शाळामास्तरांपासून शेरीफपर्यंत सगळ्यांच्या अंगणात दिसणारी ती चौकोनी सेडान. आल्डर्टनचं दार लागताना जो भरीव आवाज व्हायचा, त्या एका आवाजावर कंपनीनं चाळीस वर्षं जाहिराती चालवल्या होत्या. 'दार लागलं की निश्चिंत व्हा.' ती अक्षरं भिंतीच्या मधोमध पितळेत बसवली होती.

त्याखाली १९५७चा एक फोटो होता. कारखान्याच्या फाटकात नवी गाडी, शेजारी डगल्यातला कामगार, आणि बॉनेटवर बसवलेली चार वर्षांची मुलगी. फोटोच्या बाजूला काचेत हातानं लिहिलेल्या पत्राचा मोठा केलेला तुकडा होता.

'तुमच्या कारखान्याच्या फाटकातल्या जुन्या फोटोतली मुलगी मी. फोटो काळा-पांढरा आहे, पण तो फ्रॉक पिवळा होता. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं तुमच्या गाड्यांना दारं बसवली. आमच्या घरात दुसऱ्या कुणाची गाडी कधी आलीच नाही. डोरीन प्रुइट.'

"आर्काइव्हमध्ये मिळालं," नेत्रा कौतुकानं म्हणाली. ती पुण्याची, सत्तावीस वर्षांची, मार्केटिंगमध्ये नुकती लागलेली. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, पण ही मराठी मंडळात भेटल्यापासून प्रतिमाला काकूच म्हणायची. "पुढे काहीतरी कंप्लेंट होती, ती कट केली. निगेटिव्ह होतं ना. पण सुरुवात कसली भारी आहे! आपल्या बॉसला, क्रेगला, जाम आवडली."

"ही बाई गेली, नेत्रा."

"ओह. सो सॅड. पण एज असेल ना त्यांचं?"

"एकसष्ट. आपल्या गाडीत गेली. जे तू कट केलंस ना, त्यानंच गेली."

नेत्राच्या हातातली टेप तशीच राहिली. प्रतिमा वळली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर निघाली. चौपन्नाव्या वर्षी चार मजले चढताना तिला दम लागला नाही. अंगात काहीतरी पेटलं होतं, त्यानंच तिला वर ओढून नेलं.

प्रतिमा हळबे एकोणीस वर्षं आल्डर्टनच्या वॉरंटी विभागात होती. काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं: गाडीबद्दल लोक जे रडगाणं लिहून पाठवत, ते वाचायचं आणि योग्य खान्यात टाकायचं. इंजिन, ब्रेक, रंग, आवाज. सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेल्या बाईला यात काय कठीण? पण ती खाने भरता भरता माणसं वाचायला लागली. कोण उगाच कटकट करतंय आणि कोण खरोखर घाबरलंय, हे तिला दोन ओळींत कळायचं.

डोरीन प्रुइट घाबरली होती. ती एका शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण होती, पहाटे साडेपाचला घरून निघायची. २०१४च्या डिसेंबरात तिचं पहिलं पत्र आलं. कडाक्याची थंडी असली की तिची आल्डर्टनची 'हेरन' गाडी वळणावर अचानक हट्टाला पेटते, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, दोन-तीन सेकंद गाडी ऐकतच नाही. डीलर म्हणतो, काही सापडत नाही. 'मी बाबांची मुलगी आहे, मला गाड्या कळतात,' असं तिनं लिहिलं होतं. दुसरं पत्र आठ दिवसांनी. तिसरं नाताळानंतर. त्या हिवाळ्यात तिच्यासकट तशा अकरा तक्रारी आल्या होत्या, अकराही थंड मुलखातल्या. प्रतिमानं त्यांचा तक्ता करून क्रेगला दिला. तेव्हा तो तिचा साधा मॅनेजर होता. त्यानं तक्ता बघितला आणि म्हणाला, "स्टिअरिंगच्या खान्यात नको. 'ग्राहकाची सर्वसाधारण नाराजी' यात टाक."

तिनं टाकलं.

जानेवारीत डोरीनची गाडी पुलाच्या वळणावर कठडा तोडून खाली गेली. फेब्रुवारीत तिच्या मुलाचं पत्र आलं. आईच्या गाडीबद्दल आणखी कुणी काही कळवलं होतं का, एवढंच त्यानं विचारलं होतं. क्रेगनं उत्तराचा मजकूर सांगितला आणि प्रतिमानं टाइप केला. 'अशा स्वरूपाची एकही तक्रार आमच्याकडे नोंदलेली नाही.' कागदोपत्री ते खरंच होतं. स्टिअरिंगच्या खान्यात एकही तक्रार नव्हती, कारण तिनंच ती ठेवली नव्हती. खाली सही: प्रतिमा हळबे.

पुढच्या वर्षी कंपनीनं नव्या हेरनमधला स्टिअरिंगचा तो भाग गुपचूप बदलला. जुन्या गाड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

क्रेग आता व्हाइस प्रेसिडेंट होता. प्रतिमा आत शिरली तेव्हा तो शनिवारच्या भाषणाचा कागद वाचत होता.

"खालचं पत्र काढा," ती म्हणाली.

"कुठलं? अच्छा, पिवळा फ्रॉक. का?"

"तुम्ही ते पूर्ण वाचलंय?"

"वाचलंय." त्यानं चष्मा काढला. आवाजात राग नव्हता, उलट लहान मुलाला समजवावं तसा मऊपणा होता. "म्हणून तर फक्त सुरुवात घेतली. प्रतिमा, ही शंभर वर्षांची कंपनी आहे. लोकांना गोष्ट लागते. त्या बाईचं आमच्यावर प्रेम होतं, ते खोटं आहे का?"

"तिनं मदत मागितली होती."

"आणि तिच्या मुलाला उत्तर कुणी दिलं?" त्यानं चष्मा परत लावला. "तसं बघायला गेलं तर कागदावर सही तुझी आहे. मी तुझ्या जागी असतो तर ती फाइल उघडायचा हट्ट केला नसता. शनिवारी छान साडी नेसून ये. पहिल्या रांगेत बस."

तिला वाटलं, समोरचा कॉफीचा मग उचलून खाली जावं आणि पत्रावरच्या त्या काचेवर मारावा. हात उचललाही गेला असता. पण कॉफीचा मग तेवढा फुटला असता आणि पत्र तिथंच राहिलं असतं. ती बाहेर आली.

ओहायोतल्याच डब्लिन गावात घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नंदू कणीक मळत होता. या देशात आल्यावर नऊ वर्षं त्याला काम करायची परवानगी नव्हती. त्या काळात तो दोन मुलं सांभाळायला आणि पोळ्या करायला शिकला, पुढे आयटीत नोकरी लागली तरी पोळ्या त्याच्याकडेच राहिल्या.

"दोन वर्षांत लवकर रिटायर व्हायचं ठरलंय तुझं," तो म्हणाला. "कशाला आता उकरून काढतेस?"

"त्यांनी उकरून काढलंय. भिंतीवर लावलंय."

"प्रतिमा, तेव्हा आपलं ग्रीन कार्ड लटकलेलं होतं. तू नाही म्हणाली असतीस तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली की लगेच बॅगा भरून परत. आपल्या आश्लेषाची दहावी चालू होती. तुझ्या त्या एका सहीवर आपण चौघं इथं राहिलो, हे विसरू नकोस."

"विसरू?" तिचा आवाज इतका चढला की तो मळायचा थांबला. "अकरा वर्षं मी हेच घोकतेय, नंदू! मुलांचं ग्रॅज्युएशन झालं, तेव्हा हेच. घर घेतलं, तेव्हा हेच. माझी पोरं राहावीत म्हणून मी दुसऱ्याच्या पोराला खोटं लिहिलं. आणि हा माणूस मला म्हणतो साडी नेसून ये!"

नंदूनं हात धुतले. "मग काय करणार आहेस?"

"माहीत नाही. पण शनिवारी तिथं बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी नेत्रा तिच्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले. "काकू, मी पूर्ण पत्र वाचलं काल. तिन्ही वाचली. तुम्हाला स्कॅन करून देऊ का?"

"तुझा व्हिसा कुणाकडे आहे?"

"इथंच. कंपनीकडे."

"मग तू काही वाचलेलं नाहीस. ऐकतेस ना? काही विचारलं तर मला माहीत नाही म्हणायचं. जा, जेवून घे."

"पण काकू, मीच तर कट केलं ते..."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला सगळं माहीत होतं. दोन्ही एक नाही. जा."

तळघरातल्या आर्काइव्हमध्ये प्रतिमा स्वतःच्या कार्डानं शिरली, येण्याची वेळ वहीत स्वच्छ अक्षरात लिहिली आणि नावही पूर्ण लिहिलं. डोरीनची तीन पत्रं, बाकीच्या दहा तक्रारी, तिचा तक्ता, तिनं पाठवलेलं उत्तर. प्रत्येकाच्या दोन प्रती काढल्या. मशीनचा प्रकाश कागदाखालून सरकायचा आणि ती पुढचा कागद ठेवायची. एक संच तिनं सरकारच्या वाहनसुरक्षा खात्याला पोस्टानं पाठवला. दुसरा पिशवीत ठेवला.

शनिवारी सकाळी डीलरांच्या बसेस कचेरीसमोर लागत असतील, त्या वेळी ती नंदूची गाडी घेऊन उत्तरेला डोरीनच्या मुलाच्या गावी निघाली. दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं. नंदूनं डब्यात पोळी-भाजी भरून दिली होती. 'मी येऊ का?' असं त्यानं दोनदा विचारलं आणि तिनं दोनदा नाही म्हटलं.

डोरीनचा मुलगा वेन प्रुइट अंगणात गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. पन्नाशीचा, जाड मनगटांचा माणूस. अनोळखी साडेपाच फुटी भारतीय बाई फाटकाशी बघून त्याला वाटलं, ती रस्ता चुकली.

"मी आल्डर्टनमध्ये काम करते," ती म्हणाली. "तुमच्या आईबद्दल आलेय."

"तुमच्या भिंतीचा फोटो आला होता फोनवर. बहिणीनं पाठवला." तो किंचित हसला. "पिवळा फ्रॉक. आई सारखी सांगायची."

तिला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण तिनं पिशवीतून कागद काढले आणि त्याच्यापुढे धरले. "हा त्या पत्राचा उरलेला भाग."

त्यानं हात पँटला पुसले आणि वाचायला लागला. पहिलं पत्र, दुसरं, तिसरं. मग तक्ता. तक्त्यातल्या नावांवरून तो बोट फिरवत खाली गेला. शेवटच्या कागदावर त्याचं बोट थांबलं.

"हे पत्र माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "ही सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

व्हिसा, मुलं, ग्रीन कार्ड, सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं. त्याला त्याचं काय करायचं होतं?

वेन उठला. यंत्राला त्यानं अशी लाथ मारली की त्याचं पातं खणखणत दूर गेलं. "शेरीफनं लिहिलं, चालकाची चूक. गावात लोक म्हणाले, म्हातारीला दिसत नव्हतं. काहीजण म्हणाले, प्यायली असेल. माझी आई! आयुष्यात बिअरला हात लावला नाही तिनं. आणि मी काय समजत राहिलो सांगू? अकरा वर्षं? की तिच्या हातून किल्ल्या मी काढून घ्यायला हव्या होत्या. मी माझ्या मुलींना सांगितलं, आजीला डुलकी लागली. मी सांगितलं!"

वेन तिच्याकडे वळला.

"तुम्ही आता का आलात? आज? तुमच्या कंपनीचा वाढदिवस साजरा होतोय म्हणून?"

"अकरा वर्षांपूर्वी यायला हवं होतं," ती म्हणाली. "आले नाही. कागद तुमचे आहेत. एक संच सरकारकडे गेलाय. कुठल्याही वकिलासमोर, कुठल्याही कोर्टात मी हेच सांगेन. माझं नाव त्यावर आहेच."

"जा इथून."

ती वळली. फाटकापर्यंत गेली असेल, तेवढ्यात मागून हाक आली.

"थांबा."

त्याच्या हातात फोन होता. घराच्या दारातून त्याची बायको बाहेर आली होती. काय झालं ते तिला कळत नव्हतं, नवऱ्याचा चेहरा मात्र कळला होता. फोनवर कुणीतरी बाई सारखं विचारत होती, वेन, काय झालं, वेन?

"माझी बहीण आहे. इंडियानात असते," तो म्हणाला. त्यानं स्पीकर चालू केला आणि फोन पायरीवर ठेवला. "तिनं आईशी शेवटचं जे बोलणं झालं त्यात भांडण केलं होतं. गाडी चालवू नकोस म्हणून. तिला सांगा. पहिल्यापासून. काही कट न करता."

त्याच्या बायकोनं व्हरांड्यातली एक खुर्ची उचलून आणली आणि प्रतिमाच्या मागे ठेवली.

प्रतिमा बसली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, पायरीवरच्या फोनकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. "माझं नाव प्रतिमा हळबे. तुमच्या आईचं म्हणणं बरोबर होतं."

वेननं डोक्यावरची टोपी काढली आणि गवतात बसून राहिला.