बकरीच्या आडून

भागीरथेच्या घरात सगळ्यात जास्त बोलणी कोणी खाल्ली असतील तर ती बकरीनं. "बकरे, आंगोळीचं पानी तापलं म्हनाव." "बकरे, आज मासोळी गावली नाई, चटनीवर भागवा म्हनाव." बिचारी रवंथ करत ऐकून घ्यायची. खरं बोलणं चालायचं ते भागीरथा आणि तिचा भासरा मनसाराम यांच्यात. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. वैनगंगेकाठच्या त्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या गावात भावसुनेनं भासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्याच्याशी थेट बोलायचं तर मुळीच नाही. त्यानंही घरात पाऊल टाकण्याआधी खोकायचं. जे सांगायचं ते भिंतीला, सुपाला नाहीतर बकरीला सांगायचं. ज्याला ऐकायचं तो ऐकतो.

भागीरथेचा नवरा डोमा गेला, मागाहून मनसारामची बायकोही गेली. घरात उरली ही दोन म्हातारी माणसं. बकऱ्याही मेल्या, नव्या आल्या, बोलणं मात्र तेच राहिलं.

त्या हिवाळ्यात नागपूरच्या कॉलेजातली कुमुद गावात आली आणि शाळामास्तरांच्या घरी उतरली. कोण कोणाशी कसं बोलतं, कोणापुढे कोणता शब्द गिळतं आणि त्यातून नाती कशी घडतात, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. पोर गोड होती, पण विचारून विचारून डोकं खायची.

"बाई, भासऱ्यांचा राग आला तर काय करता?"

"बकरीले शिव्या देतो."

"आणि माया आली तर?"

तांदूळ निवडता निवडता भागीरथा थांबली. असलं काही तिला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. "बकरीले चारा टाकतो," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

तशातच तिची लेक गोकुळा बल्लारपूरहून आली. जावई कागदाच्या कारखान्यात लागला होता, राहायला पक्की खोली मिळाली होती. "माय, तुहं इथी कोन है आता? भासऱ्याच्या घरी किती दिवस काढशीन? चाल माह्यासंग." लेकीचं चुकत नव्हतं. पण भागीरथेचा पाय त्या घरातून निघत नव्हता. नदीवरून परतणाऱ्याचा तो खोकला ऐकल्याशिवाय भात उतरवायची तिला सवयच राहिली नव्हती. मात्र घर मनसारामचं. त्यानं 'राहा' म्हटल्याशिवाय राहायचं तरी कोणत्या तोंडानं? आणि गोकुळा आल्यापासून मनसारामनं तोंडात मूग धरलेले. बकरीशीसुद्धा बोलेना.

कुमुदला हे कळलं तेव्हा तिला राहवलं नाही. "एवढंच ना? मी विचारून येते सरळ." भागीरथेनं तिला अडवायला हवं होतं. पण आशा फार वाईट. तिनं पोरीला जाऊ दिलं.

मनसाराम घाटावर चार ढिवरांत बसून जाळं सांधत होता. कुमुद परतली ती पडेल चेहऱ्यानं. "मी स्पष्ट विचारलं, बाई. ते म्हणाले, 'जाऊ द्या, लेकीच्या घरी सुख है.' "

आता चार लोकांत, परक्या पोरीनं तोंडावर विचारल्यावर कोणता भासरा म्हणेल की भावाच्या विधवेला इथंच राहू दे? गावानं ते महिनाभर चघळलं असतं. सगळा जन्म या रीतीत काढलेल्या भागीरथेला हे उमगायला हवं होतं. पण मायेच्या माणसाचा शब्द लागला की अक्कल चरायला जाते. चुलीच्या धुराचं निमित्त करून ती पोटभर रडली, आणि मग तिनं लुगडी गाठोड्यात बांधली.

सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. ब्रह्मपुरीहून रेल्वे धरायची होती. कुमुद निरोपाला आली होती. गोकुळेनं गाठोडं उचललं, तोच कुडाच्या पलीकडून खोकला आला. मनसाराम बोरीचा पाला घेऊन बकरीजवळ उकिडवा बसला. मान खाली, नजर बकरीवर.

"बकरे," तो म्हणाला, "काल चार मानसात मी काई बोललो असन. ते तू धरून बसू नोको."

बकरी पाला खात राहिली. कुमुदनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि या वेळी मिटून घेतलं.

"मी तुह्याशी बोलीन," मनसाराम बकरीपुढं पाला सरकवत म्हणाला, "पन उत्तर तं सैपाकघरातून येते. ते उत्तर बल्लारपूरले गेलं, तं मी बोलून काय करू?"

भागीरथा दाराच्या आड उभी होती. पदराचं टोक तोंडात धरून तिनं हुंदका आवरला. मग कधी नव्हे तो आवाज चढवून ती म्हणाली, "बकरे, शहान्या मानसानं हे आधीच सांगाचं होतं. गाठोडं बांधून माहे हात दुखून आले."

 गोकुळेनं गाठोडं खाली ठेवलं, डोळे पुसले. "तुमच्या मधात मी बोलनारी कोन?" असं म्हणून ती आईच्या गळ्यात पडली आणि एकटीच गाडीत बसली. गाडीसोबत गावाबाहेरच्या पांदणीपर्यंत जाताना कुमुद तिला म्हणाली, "मी फार सरळ विचारलं हो." गोकुळेनं तिचा हात दाबला.

मागून गुराखी आला आणि बकरी सोडून घेऊन गेला.

दुपारी भागीरथेनं भात उतरवला, मासोळीचं कालवण वाढलं, ताट नेहमीच्या जागी सरकवलं आणि नेहमीसारखी भिंतीआड झाली. मनसाराम अंगणात जाळं पसरत होता.

"बकरे," तिनं हाक दिली, "भात थंडा होऊन राह्यला म्हनाव."

अंगणातला खुंटा रिकामा होता. बकरी गावाबाहेर चरत होती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"आलो," मनसाराम म्हणाला.