उघड्या पाइपाची ऊब

दुपारी दोनच्या सुमाराला तळघरातून खाकरल्याचा आवाज आला, तेव्हा प्रभाताई फरसबी मोडत बसल्या होत्या. आधी बारीक खाकरणं, मग एक दणदणीत, आणि शेवटी "हं". बेचाळीस वर्षं ज्या बाईने हे ऐकलं, तिला ते ओळखायला काय वेळ लागणार? नागेशरावच खाकरले होते. आणि नागेशरावांना जाऊन दहा महिने झाले होते.

दुसरी कुणी असती तर किंचाळत रस्त्यावर गेली असती. प्रभाताईंनी हातातली शेंग ताटात ठेवली आणि कान देऊन बसल्या. भीती वाटली का? वाटली हो. पण त्याहून जास्त आला तो राग. पुण्यात दिवस केले, सगळं रीतसर केलं, कावळाही पहिल्या फटक्यात शिवला. तिथे स्वतःच्या घरात दहा महिन्यांत एकदा फिरकले नाहीत, आणि इथे परमुलखात, मुलाच्या तळघरात बसून खाकरतात म्हणजे काय!

मुलगा हृषिकेश जर्मनीत झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. सून कौमुदी एका सॉफ्टवेअर कंपनीत. नात अन्वी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. मागच्या हिवाळ्यात नागेशराव एकटेच तीन महिने इथे राहून गेले. जायचं दोघांचं ठरलं होतं, पण प्रभाताईंच्या बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या मागे राहिल्या. फेब्रुवारीअखेर नागेशराव परतले आणि एकोणिसाव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता गेले. त्या एकोणीस दिवसांत माणूस धड काही बोललाच नाही. तिकडे कसं होतं, असं विचारलं की "झकास" म्हणायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे.

लोकांना वाटलं, प्रभाताई नातीच्या ओढीने जर्मनीला गेल्या. ओढ होतीच. पण खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याचे शेवटचे तीन महिने आपल्या डोळ्यांआड गेले, ते कसे गेले एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. ते कळल्याशिवाय जिवाला थारा नव्हता.

आल्या त्याच संध्याकाळी हृषिकेशने आईला शालीत गुंडाळून मागच्या अंगणात नेलं. तिथे एक मोठी पांढरी पेटी पंखा फिरवत उभी होती.

"हीट पंप, आई. उलटा फ्रीज समज. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतो आणि आत पाण्यात सोडतो. ते पाणी घरभर फिरतं. एक युनिट वीज घालायची, चार युनिट उष्णता मिळवायची. चार पॉइंट एक, गेनाऊ, तंतोतंत!"

दहावीच्या निकालालाही पोरगा इतका फुलला नव्हता. "फक्त त्याला छेडायचं नाही," तो म्हणाला. "मंद आचेवर चोवीस तास एकसारखं चालू द्यायचं. बंद-चालू, बंद-चालू केलं की बिघडलंच सगळं."

मंद आच प्रभाताईंना कळत होती, जन्मभर तेच केलं होतं. पण त्यांना दिलेली खालची खोली, जी नागेशरावांचीही होती, ती उत्तरेकडची. तिथे पाऊल टाकलं की पायातून कळ यायची. भिंतीवरच्या डबीत एकोणीस आकडा दिसायचा. कळ दाबून पाहिली तर आकडा ढिम्म. बिघडली असेल म्हणून त्या गप्प बसल्या. आल्या आल्या कुरकुर कशाला करायची, नाही का?

पुढच्या मंगळवारी कौमुदीने सुट्टी काढली आणि सासूला बाजारात न्यायला निघाली. आता घरात कुणीच नाही, मग ही भट्टी कुणासाठी पेटती ठेवायची? नागेशराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. गीझर अंघोळीआधी लावायचा आणि अंघोळ झाली की बंद, ही त्या घराची शिस्त. तळघराच्या दाराशी एक लाल बटण होतं. कौमुदी गाडी काढत होती, तेवढ्यात प्रभाताईंनी ते खटकन बंद केलं आणि केवढं मोठं काम केलं अशा समाधानाने गाडीत जाऊन बसल्या.

बाहेर उणे सहा. चार तासांनी आल्या तेव्हा घर थंडगार पडलेलं. बटण पुन्हा लावल्यावर पंखा असा काही गरगरायला लागला की शेजारीण खिडकीत आली. एकट्या पंपाला ते झेपेना, म्हणून आतली विजेची कॉइल पेटली, आणि हृषिकेशला ऑफिसात मोबाइलवर सगळं दिसलं.

तो आला तोच तणतणत. "दोन पॉइंट तीन! आई, आज आकडा दोन पॉइंट तीन! अगं, हा गीझर नाहीये! बाबांनी पण अगदी हेच केलं. फिरायला निघाले की बंद, आले की फुल्ल. किती वेळा सांगितलं! शेवटी त्यांच्या खोलीचा थर्मोस्टॅट मला लॉक करावा लागला. एकोणीसवर. तेव्हा कुठे सगळं ताळ्यावर आलं."

"हृषी, आईंशी काय बोलतोयस?" कौमुदी म्हणाली.

प्रभाताईंनी कोट काढला नव्हता. "लॉक म्हणजे?"

"म्हणजे पिन टाकल्याशिवाय तापमान बदलत नाही. पिन माझ्याकडे असतो."

"मग त्यांनी काय केलं?"

"काही नाही." हृषिकेशचा आवाज जरा खाली आला. "ब्र काढला नाही. उलट नंतर त्यांना मशीनचा नादच लागला. रोज दुपारी खाली केलरमध्ये टाकीपाशी जाऊन बसायचे, अभ्यास करत. मला इतकं बरं वाटायचं, आई. म्हटलं, बाबांना आवडलं माझं काम."

त्या रात्री प्रभाताई अर्ध्याच जेवल्या.

बुधवारी अन्वीची शाळा लवकर सुटायची. ती जेवणाच्या टेबलावर चित्र रंगवत होती. आई-बाप कामावर. दोन वाजले आणि खालून पुन्हा तसाच खाकरल्याचा आवाज आला. बारीक, मग जोरात, मग "हं".

पोरीने रंगवता रंगवता मान वर न करता म्हटलं, "आजोबा इस्ट इम केलर."

प्रभाताई उठून तिच्यापाशी आल्या. केलर म्हणजे तळघर, एवढं या घरात राहून त्यांना कळलं होतं. "तुलाही ऐकू येतं?"

"या," म्हणत तिने होकाराची मान हलवली.

"रोज?"

"या, इमर." हो, नेहमीच, हे काय विचारायचं, असा चेहरा तिने केला.

"का गं बसतात तिथे?"

आता मात्र अन्वीने खडू खाली ठेवला. आजीला साधी गोष्ट कळत नाही म्हणून तिला वैताग आला. "वाइल एस दा वार्म इस्ट!"

बाकी शब्द कुणाला कळोत न कळोत, वार्म म्हणजे उबदार, हा शब्द प्रभाताईंनी आल्यापासून पन्नासदा ऐकला होता. त्यांनी पोरीला जागेवरून हलू नकोस म्हणून बजावलं आणि भिंतीला धरून तळघरात उतरल्या.

खोली लहानशी. मधोमध पुरुषभर उंचीची पाण्याची टाकी आणि तिच्यातून निघालेले पाइप, सगळे काळ्या फोममध्ये नीट गुंडाळलेले. फक्त वळणापाशी वीतभर तांबं उघडं राहिलं होतं. त्या उघड्या तुकड्यासमोर एक लाकडी स्टूल. मशीनचा पडदा, त्यावरचे आकडे, दिवे, सगळं मागच्या भिंतीवर. आता सांगा, अभ्यास करणारा माणूस आकड्यांकडे पाठ करून बसेल का?

प्रभाताईंनी तांब्यावर तळहात टेकवले. ऊब होती. चहाचा कप धरल्यावर असते तेवढीच. सकाळपासून आखडलेली बोटं आपोआप सुटली, आणि त्यांना एकदम भडभडून आलं. मागच्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी फोन यायचा, म्हणजे इथल्या दुपारी. मागे कसली तरी घरघर असायची. कसला आवाज, विचारलं की म्हणायचे, "मशीन आहे गं." म्हणजे इथून करायचे. इथे बसून, पाइपाला हात लावून, बायकोला झकास म्हणून सांगायचे.

डोळे पुसायला त्यांनी स्टुलाचा आधार घेतला आणि चटका बसल्यासारखा हात काढला. स्टुलाची फळी गरम होती, नुकतंच कुणीतरी उठल्यासारखी. आणि अगदी कानाशी, हातभर अंतरावर, कुणीतरी खाकरलं.

वर कशा आल्या ते त्यांचं त्यांना माहीत. अन्वीला पोटाशी धरून कितीतरी वेळ बसल्या.

दोन दिवस त्यांनी ते पोटात ठेवलं. मुलाला सांगायचं तरी कसं? तुझ्या बापाला तुझ्या घरात थंडी वाजत होती, असं? शनिवारी सकाळी हृषिकेशच हातात फोमची नळी आणि कात्री घेऊन तळघराकडे निघाला.

"एक तुकडा उघडा राहिलाय ना, तो झाकून टाकतो. दोन वर्षं राहिलंय. फुकट ऊब जाते तिथून."

प्रभाताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "खबरदार! तो झाकलास तर ते बसतील कुठे?"

"कोण?"

"तुझे बाबा."

कौमुदी स्वयंपाकघरातून बाहेर आली. प्रभाताईंनी मग काही राखलं नाही. खाकरणं सांगितलं, स्टूल सांगितलं, अन्वी काय म्हणाली तेही सांगितलं. "अभ्यास नव्हते रे करत ते. गारठलेले असायचे. तुझ्या एवढ्या मोठ्या हुशार घरात त्या माणसाला वीतभर पाइप सापडला होता."

भूतबीत काही नसतं, असं हृषिकेश म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. तो म्हणाला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मीही ऐकलंय," तो म्हणाला. "घरून काम असतं तेव्हा. पाइपात हवा असेल म्हणून तीनदा काढली." आणि मग एवढा बाप्या माणूस ती नळी छातीशी धरून पायरीवर बसला आणि हमसाहमशी रडायला लागला.

"एक शब्द बोलायचं ना त्यांनी! अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आई! तो आकडा काय, गेला असता खड्ड्यात! माझ्याशी का नाही बोलले?"

आणि तेव्हा प्रभाताईंना आठवलं. आठवलं म्हणजे काय, छातीत कुणी बुक्की मारावी तसं लागलं.

डिसेंबरात एकदा नागेशराव फोनवर म्हणाले होते, "हृषीला सांगू का गं, खोली जरा गार पडते?" बहिणीला बेडपॅन द्यायची घाई होती. प्रभाताई फाडकन म्हणाल्या होत्या, "काही सांगू नका. आणखी एक स्वेटर चढवा. सुनेला वाटेल, सासरे आले आणि हुकूम सोडायला लागले. माझ्या गळ्याची शपथ आहे, त्या घरात काही म्हणून मागायचं नाही!" दिवसातून दहा शपथा घालणारी बाई, फोन ठेवला आणि विसरून गेली. पण नागेशरावांनी लग्नापासून तिची एकही शपथ मोडली नव्हती. लोक हसायचे त्यांना त्यावरून.

"मी बोलू दिलं नाही," प्रभाताई म्हणाल्या. "शपथ घातली होती मी. तू कुलूप लावलंस आणि मी तोंड बांधलं."

घरात कुणीच कुणाकडे बघेना. शेवटी कौमुदीने हृषिकेशच्या हातातली नळी काढून घेतली आणि म्हणाली, "आधी खोली उघड."

त्याने पिन टाकला. कुलूप निघालं. एकोणीसचा आकडा त्याने चोवीसवर नेला. "हे हळूहळू तापतं," तो आईला म्हणाला, डोळे पुसत. "उद्या दुपार उजाडेल."

रविवारी दुपारी खोली उबदार झाली होती. प्रभाताईंनी पलंगावर धुतलेली चादर घातली, आणि दोन वाजता एकट्याच खाली उतरल्या. हृषिकेश येतो म्हणाला, त्याला नको म्हणाल्या. शपथ ज्याने घातली त्यानेच सोडवावी लागते. दुसऱ्याने सोडवून सुटत नाही.

टाकीपाशी त्या उभ्या राहिल्या. स्टूल दिसायला रिकामं होतं. त्यांना भीती वाटत होती, पण आज पळायचं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "शपथ सुटली."

पंपाची घरघर चालू होती.

"सुटली म्हणते ना. चुकलं माझं. बहिणीच्या गडबडीत होते, तुमचं ऐकलंसुद्धा नाही नीट. आता काय हवं ते मागा, पोराकडे मागा, सुनेकडे मागा, ओरडून मागा. कुणाला काही वाटत नाही. आणि आता वर चला. असं चोरासारखं बसतात का मुलाच्या घरी?"

मग स्टूल करकरलं.

प्रभाताई वळल्या आणि जिना चढायला लागल्या. मागे पायरीवर पाऊल पडलं. मग थांबलं. मग दुसरं पडलं, जड, कठड्याला धरून टाकल्यासारखं. प्रभाताईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या नुसत्या सावकाश चढत राहिल्या, एकेक पायरी थांबत, म्हणजे मागच्या माणसाला धाप लागू नये.